टेकूची मिठी

त्या राज्यात जे कुणी धरून ठेवलेले नसे, ते खाल्ले जाई. वाळवीच्या रांगा अखंड फिरत आणि काही मोकळे लोंबताना दिसले की त्याचा फडशा पाडून पुढे सरकत. त्याबद्दल तिला कुणी वाईट म्हणत नसे. ती नसती तर राज्यात पाय ठेवायला जागा उरली नसती.

राज्याच्या मधोमध एक गोल कारखाना होता. त्याला भिंती नव्हत्या. आतली कामकऱ्यांची गर्दीच इतकी दाट की वेगळ्या भिंतीची गरज पडत नसे. तिथे दळायची जाती घडत. पण जाते नुसते गोल होऊन भागत नाही. त्याला टाकी लावावी लागते, नेमक्या जागी नेमका घाव. नाहीतर दाणा दळला न जाता नुसता घरंगळतो. प्रत्येक घावाची जागा त्याची त्याची सुतळी दाखवी आणि घाव छिन्नी घाली. दोघी यायच्या मात्र वेगवेगळ्या वाटांनी, आणि त्यांची जोडी जमेपर्यंत कुणीतरी त्यांना सांभाळावे लागे. ते काम टेकूचे.

काम तसे साधे होते. सुतळी आली की तिला मधोमध बाक देऊन पेलायचे. छिन्नी आली की आधी तिचे तोंड हाताने झाकायचे, कारण ती तापट, वाटेत भलतीकडेच घाव घालायची. मग तिला सुतळीच्या बाकात नीट बसवायचे आणि गर्दीच्या कडेशी दोघींना सोडून मागे फिरायचे. टेकूने आत जायचे नाही, अशी रीत होती. सोडायला टेकूचा जीव धजला नाही, तर भिंगरी आणि फिरकी या दोघी बहिणी हातात हात घालून गरागरा फिरत आणि त्या झटक्यात त्याला बाजूला भिरकावून देत. दर गिरकीला त्यांना मूठभर पीठ लागे.

मागच्या खेपेला टेकूने क्षणभर आधी सोडले. छिन्नी अजून बसायची होती. सुतळी सरळ झाली, लोंबली, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिची भुकटी झाली. तेव्हापासून त्या एका घावाशिवायच जाती बाहेर पडत होती. राज्यातले पीठ आटत चालले होते, आणि टेकूच्या हातांना घटकाभर चैन नव्हते.

म्हणून पुन्हा तशी सुतळी आली तेव्हा त्याने तिला मिठीच मारली. छिन्नी आली, बसली, घट्ट बसली. तरी कडेशी पोचल्यावर त्याचे हात सुटेनात. भिरकावणाऱ्या बहिणी भुकेने भिंतीसारख्या गर्दीला टेकून बसल्या होत्या. त्याला अडवणारे कुणी नव्हते. रीत मोडून तो दोघींसकट आत शिरला.

आत त्याचे कौतुक झाले. इतकी भक्कम जोडी आजवर पाहिली नाही, असे जो तो म्हणू लागला. सुतळी जात्यावर नेमकी जिथे पडायला हवी तिथे पडली. छिन्नीचे तोंड मात्र टेकूच्या हाताखाली. जाते कोरेच पुढे गेले. दुसरे गेले. तिसरेही गेले.

"टेकूदादा," सुतळी म्हणाली, "छिन्नी बसलीय रे. सोड आता."

"मागचीला सोडलं होतं."

"ती काय म्हणाली होती?"

टेकू म्हणाला, "काही नाही. तिला वेळच मिळाला नाही."

"मला मिळालाय. मी सांगतेय ना, सोड."

टेकूने मागे पाहिले. कडेशी भिंगरी आडवी झाली होती. फिरकी रिकामी परात खरवडत होती. त्याची नजर पडताच ती खेकसली, "बघतोस काय? मूठभर पीठ असतं ना, तर तुला केव्हाच उडवला असता!"

टेकू स्वतःच्या हातांकडे पाहत राहिला. मग त्याने एक बोट उचलले. छिन्नीने श्वास घेतला. दुसरे उचलले, तिसरे. शेवटी दोन्ही हात काढले, डोळे मिटले, आणि गर्दीने त्याला लोटत लोटत बाहेर आणून टाकले.

त्याच्या पायाशीच वाळवीची एक रांग आत निघाली होती. ती गेली तिकडे तो पाहत राहिला. बऱ्याच वेळाने तीच रांग रिकाम्या तोंडाने परत आली आणि दुसरीकडे वळली.

मग आतून आवाज आला, टक्. थोड्या वेळाने आणखी एक. नंतर आवाज थांबेनाच, आणि त्याच्या मागोमाग जात्यांची घरघर सुरू झाली.

टेकू कडेशी उभाच होता. हात अजून सुतळीच्या बाकाएवढे वाकलेले. त्या रिकाम्या कवेत वरून काहीतरी पांढरे, बारीक, अलगद साचत होते. फिरकी रांगत आली. तिने त्याच्या कोपराच्या खळगीतून चिमूटभर उचलले आणि बहिणीच्या जिभेवर ठेवले.