पागोट्यावरची पिवळी भुकटी

फार पूर्वी, डोंगराखाली वाऱ्याच्या तोंडावर वसलेलं एक गाव होतं. त्या गावाला मक्याचं बी एकच घर पुरवायचं, माळ्याचं.

तिथल्या उंच मक्याचं कणीस मोठं, पण ताट कमजोर. वारा आला की आडवं. बुटक्या मक्याचं कणीस मूठभर, पण ताट टणक. म्हणून माळी दोन्ही शेजारी लावायचा. उंच ती आई, बुटका तो बाप. आईचे तुरे फुलायच्या आत उपटायचे. मग बापाच्या तुऱ्याची पिवळी भुकटी उडून आईच्या कणसाच्या केसांवर पडते आणि एकेका केसामागे एकेक दाणा भरतो. त्या दाण्याचं रोप वाऱ्याला जुमानत नाही. एवढी साधी गोष्ट. पण आईचे तुरे ठेवले की तिचीच भुकटी तिच्यावर पडते, रोप पुन्हा कमजोर, आणि वाटोळं.

त्या साली मळ्याच्या खालच्या अंगाला रानडुकरं शिरली आणि बापाच्या ओळी फस्त करून गेली. वरच्या थोड्या तेवढ्या वाचल्या. पाटलानं माळ्याला बजावलं, "घरटी टोपलीभर बी पाहिजे. जमत नसेल तर मळा दुसऱ्याला देतो."

वरच्या अंगाचे तुरे माळीण उपटायची, खालचे माळी. एका सकाळी तो न्याहारीला आला आणि भाकरी वाढता वाढता माळिणीचा हात थांबला. त्याचं पागोटं पिवळं झालं होतं.

"अहो, खाली बाप उरलाच नाही. मग ही भुकटी कुठली?"

"वाऱ्यानं आली असेल."

"वाऱ्यानं पागोटं असं माखत नाही. तुरे ठेवलेत तुम्ही!"

"हळू बोल की! उपटले असते तर कणसं बोडकी अन् आपण रस्त्यावर. दाणा दिसायला सारखाच. कोण ओळखतंय?"

माळिणीनं खाली जाऊन पाहिलं. तुरे फुलून गेले होते, आता उपटून उपयोग नव्हता. पण कणसं भरत गेली तशी तिची झोप उडत गेली.

वाटपाच्या दिवशी चावडीपुढं दोन ढीग लागले. खालची कणसं गच्च. वरची, बापाची भुकटी पुरली नाही म्हणून, म्हाताऱ्याच्या बोळक्यासारखी, मधेमधे दात पडलेली.

पाटलानं गच्च कणीस उचललं. "वा रे माळ्या!"

माळी हसला, पण नजर बायकोवर. पहिल्या म्हातारीनं पदर पसरला. तो पदर बघून माळिणीला राहवेना.

"पाटील, थांबा! हे पेरायचं नाही. हे दळून खायचं."

"डोकं फिरलंय काय तुझं?" पाटील ओरडला.

"खालचे तुरे आम्ही काढले नाहीत. हा मका आईवरच गेलाय, वाऱ्यात झोपणार. पेरायचं ते हे बोळकं."

लोक तोंडाला येईल ते बोलले. मळा त्याच दिवशी गेला. माळी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. गावानं शिव्या देत का होईना, बोळक्या कणसांचे दाणे ओंजळ ओंजळ वाटून घेतले. पाटील तेवढा हसला. "असलं गच्च कणीस जात्यात घालू? मी येडा नाही." त्यानं तेच पेरलं.

पुढच्या साली मका ऐन भरात असताना डोंगरावरून वारा सुटला. वारा थांबला तेव्हा गावाचा मका उभा होता. पाटलाचा चटईसारखा अंथरलेला.

पाटील माळ्याच्या दारात आला. बराच वेळ खाकरला.

"मळा घे परत," तो माळ्याला म्हणाला आणि माळिणीकडे बोट केलं. "पण खालचे तुरेसुद्धा हिनंच उपटायचे."

तात्पर्य: कणीस भरलंय हे सगळ्यांना दिसतं. ते कशानं भरलंय हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं पेरणीआधी तोंड उघडावं.