दुरपीने तीनदा कढी बिघडवली

एका राज्यात राजे होते दोन. खरं तर एकच पुरे, पण बापाला जुळे झाले, करता काय! नदीअलीकडे थोरला, पलीकडे धाकटा. सिंहासनासाठी सात वर्षं युद्ध चाललं. मरत मात्र दुसरेच होते.

थोरल्याच्या मुदपाकखान्यात दुरपी नावाची बटीक राबे. बटीक म्हणजे विकत घेतलेली बाई. तिच्या पायात मांत्रिकाचं लोखंडी कडं. मालकाच्या हुकुमाशिवाय उंबरा ओलांडला, की कडं तापे आणि पाय आपोआप मागे वळे. युद्धाआधी धाकट्याच्या लग्नात हंडे, शालू, घोडे यांच्याबरोबर दुरपीची तेव्हा नऊ वर्षांची लेक सोनकी आहेरात गेली होती.

एके सकाळी साळुंकी खिडकीत येऊन म्हणाली, "दुरपे, आपल्या राजाने फर्मान काढलं. धाकट्याच्या मुलखातले गुलाम, बटकी सगळे मोकळे! फर्मान कानावर पडलं, की कडं गळणार."

"आणि इथल्या?"

"इथल्या मोकळ्या केल्या, तर राजाला कढी कोण देणार?"

असा दयाळू राजा! स्वतःची एक बटीक न सोडता पुण्यवान झाला.

"मग माझी सोनकी सुटली?"

"कुठली! धाकट्याने सगळ्यांच्या कानांत मेण भरलंय. मी दिसले की दगड मारतात."

दुरपी हसली. त्या दिवशी कढीत मूठभर मीठ पडलं. राजा म्हणाला, "हात आवर." दुसऱ्या दिवशी पडल्या पसाभर मिरच्या. राजा घटाघटा पाणी प्याला. तिसऱ्या दिवशी, सेनापती पंगतीला असताना, कढीतून वर आला राजाचाच जोडा!

"चालती हो!" राजा ओरडला. "जा त्या धाकट्याकडे, त्याला खाऊ घाल हे!"

"जशी आज्ञा, महाराज."

हुकूम तो हुकूम. कडं गारच राहिलं. नदी ओलांडून पलीकडच्या वाळूवर पाऊल टेकताच ते गळून पडलं; फर्मान ऐकलेलं होतंच, आता ती धाकट्याच्या मुलखातलीही झाली.

किल्ल्याच्या पहारेकऱ्याने हटकलं, "कोण गं तू?"

"थोरल्याची स्वयंपाकीण. त्यांनीच हाकललं. म्हणाले, धाकट्याला खाऊ घाल."

शत्रूची स्वयंपाकीण फुटली म्हणून पहारेकरी खूश. त्याने दार उघडलं.

आत सोनकी दळत होती. तिने आईला ओळखलं नाही. दुरपीने तेल कोमट केलं, लेकीचं डोकं मांडीवर घेतलं, कानातलं मेण अलगद काढलं आणि फर्मान सांगितलं. सोनकीच्या पायातलं कडं ठणकन फरशीवर पडलं.

"आई?" सोनकी म्हणाली. "आवाज तोच आहे गं!"

मग तेलाची वाटी हातोहात फिरली. सकाळी पाणी भरायला कुणी नाही, घोड्यावर खोगीर घालायला कुणी नाही. धाकट्याला स्वतःचं चिलखतही चढवता येईना. तिसऱ्या दिवशी त्याने तलवार ठेवली.

थोरला विजयी मुद्रेने नदीवर आला. डोळे मात्र लाल. दुरपीचं पाहून त्याच्या वाड्यातल्या गुलामांनीही मुद्दाम स्वतःला हाकलून घ्यायचा सपाटा लावला होता, आणि अंघोळीच्या पाण्यात कुणीतरी तिखट कालवलं होतं.

"दुरपे, तुझ्यामुळे जिंकलो," काठावर उभ्या दुरपीला तो म्हणाला. "काय हवंय तुला?"

"फर्मानातले 'धाकट्याच्या मुलखातले' एवढे शब्द पुसा, महाराज."

राजाने अंगठ्याने शाई पुसली आणि फर्मान मोठ्याने वाचलं. अलीकडच्या काठावर कडी खळाखळा गळाली. मांत्रिकाची विद्या तिथेच विझली.

"आई, आपलं घर कुठं?" सोनकीने विचारलं.

दुरपीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"ठरवू की दोघी मिळून."

मायलेकी काठाकाठाने निघाल्या. राजाने हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.