कड्यावरची हाक

राज्य कुणाचं होतं हेही आता कुणाला आठवत नाही, इतक्या जुन्या काळी एका उंच कड्याच्या पायथ्याशी एक पाडा होता. कड्याच्या पोटात आग्या माश्यांची मोठाली मोहोळं लोंबत आणि पाड्यातली माणसं दोराने खाली उतरून मध काढत.

या कामाच्या रीती ठरलेल्या होत्या. दोराचा एक वेढा वरच्या झाडाला द्यायचा आणि टोक धरायचं ते उतरणाऱ्याच्या मेहुण्याने. आपल्याच बहिणीचं कुंकू हातात असल्यावर दोर कोण सोडेल? आणि एकदा कड्यावर गेलं की तोंडातून अक्षर काढायचं नाही. आवाज झाला की माश्या उठतात.

लखमा मध काढण्यात पटाईत होता. देवावर त्याचा विश्वास नव्हता असं नाही. पण देव त्याला गावच्या पाटलासारखा वाटे. उगाच त्याच्या दारात कशाला जायचं, अडलं तर जावं.

त्याचा मेहुणा सोमा मात्र चूल पेटवताना, शेळ्या सोडताना, संध्याकाळी दोर वळताना देवाशी काहीतरी पुटपुटत असायचा. लखमाला हसू आवरत नसे.

"अरे, शेळी सापडेना म्हणून देवाला हाक? त्याला दुसरी कामं नाहीत का?"

"असतील की, दाजी," सोमा दोराला पीळ देत म्हणायचा. "पण मला एकट्याला शेळीसुद्धा झेपत नाही."

"मला झेपतं. नाहीच झेपलं, तर मारीन हाक. माझी हाक मोठी आहे."

त्या वर्षी मोहोळं मधाने जड झाली, तेव्हा लखमा घोंगडी पांघरून, धुराची चूड हातात घेऊन कड्यावरून उतरला. वर दोर सोमाच्या हातात होता. अर्ध्यावर आल्यावर पायाखालचा दगड निसटला. लखमा गरकन फिरला, कड्यावर आपटला आणि त्याला खालची दरी दिसली. देवाशी हळू, मनातल्या मनात बोलायची त्याला कधी सवयच नव्हती. त्याला एकच प्रकार ठाऊक होता.

"देवा, धाव रे!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला.

देव धावला की नाही ते पुढे कळेलच. आधी माश्या धावल्या. घोंगडी होती म्हणून लखमा थोडक्यात निभावला. पण वर सोमा उघडाच होता आणि त्याचे दोन्ही हात दोरात गुंतलेले होते. माश्या हाकलायला त्याने एक हात जरी काढला असता, तरी लखमा दरीत गेला असता. दोर मात्र वर सरकत राहिला, न थांबता, नेहमीच्याच चालीने.

लखमा वर पोचला तेव्हा सोमाचा चेहरा ओळखू येत नव्हता आणि दोन्ही हात सुजून फुगले होते. पाड्यातल्या जाणत्यांनी झाडपाला लावला. सोमाचा जीव वाचला, पण उजवा डोळा गेला.

लखमा त्याच्या उशाशी बसून ढसाढसा रडला. "इतकं कसं सोसलंस रे? दोर सोडला का नाहीस?"

"वेगळं काही केलं नाही, दाजी," सोमा सुजल्या ओठांनी म्हणाला. "रोज दोर वळताना म्हणतो, देवा, हात तुझे. तेच म्हणत होतो, मनात. ओरडायला तो लांब कुठं होता?"

आपण ज्याला एवढ्या मोठ्याने ओरडून बोलावलं, तो सगळा वेळ दोराच्या दुसऱ्या टोकाशीच होता, हे लखमाला उमगलं. उमगलं खरं, पण त्यासाठी एक डोळा गेला, आणि तो डोळा त्याचा नव्हता. हे शल्य त्याला जन्मभर राहिलं.

सोमाचे हात बरे होईपर्यंत दोर वळायचं काम लखमाकडे आलं. पहिल्या संध्याकाळी त्याने वाख, म्हणजे दोराचे सुटे धागे, मांडीवर घेऊन विंचरले. देवाशी काय बोलावं ते सुचेना. शेवटी तो हळूच म्हणाला, "देवा, वाख जरा कोरडा आहे." आणि त्याने पहिला पीळ दिला.

जो रोजच्या साध्या कामात देवाला सोबत घेतो, त्याला संकटात देव शोधत फिरावं लागत नाही.