घंटेवरचा मुलगा

“मग मी आळशी होतो की आजारी, तेवढं सांगा, बाई.”

हा प्रश्न विनायकराव धर्माळ्यांनी मठाच्या ओसरीवर विचारला की मागच्या निंबाखाली, हे त्यांना आता खात्रीनं सांगता येत नाही. हातात सूप होतं, एवढं पक्कं. त्या मठाचा रिवाजच तसा होता. बाईंना काही विचारायचं तर समोर बसून धान्य निवडत विचारायचं. रिकाम्या हातांचा प्रश्न बाई ऐकून घेत नसत.

इंदुमतीबाई आधी गावच्या शाळेत मास्तरीण होत्या, मग सगळं सोडून मठात आल्या. विनायकराव चौथीत त्यांच्याच हाताखाली होते. पुढे ते अमरावतीला तर्कशास्त्राचे प्राध्यापक झाले, निवृत्त झाले, विधुर झाले. तीन ग्रंथ लिहायला घेतले, तिन्ही अर्ध्यावर राहिले. दुधावर लक्ष ठेवायला बसवलं तर दूध उतू जाई, आणि हे शेजारीच बसलेले असत.

“कोणी म्हटलं आजारी?” बाईंनी विचारलं.

“यंत्रानं.” विनायकरावांनी खिशातला मोबाइल दाखवला. “याला लिहून विचारलं की हा लिहून उत्तर देतो. एडीएचडी म्हणून एक प्रकार असतो म्हणे. लक्ष टिकत नाही, हातपाय स्वस्थ बसत नाहीत, घेतलेलं तडीस जात नाही. लहानपणापासूनच असतो. आणि तो आळस नव्हे, असं यानं स्वच्छ लिहिलंय.”

“मग झालं की.”

“झालं कुठे? मी तर्कशास्त्राचा माणूस. दुसऱ्या दिवशी उलट बाजू मांडली. लिहिलं की मी एमएला पहिला आलो, आवडीचं पुस्तक असलं तर जेवणाची शुद्ध राहत नाही. तेव्हा म्हणाला, असंही असू शकतं, तसंही असू शकतं.”

“शहाणं दिसतंय.”

“शहाणं कसलं, बाई. वकिलासारखं आहे. मी जे पुढे ठेवतो त्यावरच बोलतं. आणि दर उत्तराच्या शेवटी एकच पालुपद, डॉक्टरांना दाखवा.”

“दाखवलंस?”

“ती ओळ मी वाचतच नाही.”

बाई हसल्या. त्यांनी विनायकरावांचं सूप स्वतःकडे ओढलं. निवडलेल्या ज्वारीच्या ढिगात खडे पडले होते आणि खड्यांच्या वाटीत ज्वारी. त्यांनी दोन्ही पुन्हा एकत्र केलं, सूप परत दिलं.

“बोल. हात चालू दे.”

विनायकरावांचा आवाज खाली आला. “सुमती जन्मभर म्हणायची, तुमच्यासारखा आळशी माणूस पाहिला नाही. प्रेमानंच म्हणायची. पण म्हणायची. खरंच आळशी असेन, तर तिची माफी मागायची राहिली. आणि आजारी असेन तर...”

“तर?”

“तर तिला सांगायचं राहिलं.”

...

ओसरीवर, किंवा निंबाखाली, दोघांचे हात सुपात चालत राहिले. फक्त ज्वारीचा सळसळाट.

“यंत्रानं तुला काही विचारलं?” बाई म्हणाल्या.

“विचारलं की. लहानपणी तुम्ही कसे होतात, हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलंय असं कोणी आहे का? डॉक्टर त्यांनाही विचारतील, असं म्हणालं.”

“तू काय लिहिलंस?”

“आई गेली, वडील गेले, थोरली बहीण गेली. लिहिलं, कोणी उरलं नाही.”

बाईंनी आपलं सूप खाली ठेवलं. विनायकरावांकडे पाहत राहिल्या.

विनायकराव खडे निवडत होते.

मग बाईंनी शेजारचा पळा उचलला आणि पितळी परातीवर दाणकन मारला.

विनायकराव ताडकन उभे राहिले. मांडीवरची ज्वारी भुईभर झाली. नजर भिंतीवर घड्याळ शोधत होती, आणि उजवा हात नसलेल्या लोखंडी दांड्याभोवती वळला होता.

“बस,” बाई म्हणाल्या. “तास बदलला नाही अजून.”

विनायकरावांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. शाळेच्या अंगणात टांगलेला रुळाचा तुकडा त्यांना आठवला. तास संपत आला की घड्याळ पाहून बाहेर जायचं आणि घंटा द्यायची. ते काम त्यांचं होतं.

“बाई...” ते म्हणाले. “मी कोणी उरलं नाही असं लिहिलं.”

“लिहिलंस खरं.”

“आणि लिहून तडक तुमच्याकडे आलो.”

“बसने आलास की रिक्षाने?”

आता विनायकरावांनाही हसू आलं. हसता हसता डोळे पुसावे लागले. मग खाली बसून ते सांडलेली ज्वारी गोळा करू लागले. गुडघे दुखत होते, तरी बरं वाटत होतं.

“त्या घंटेचा मला फार राग होता, बाई. सगळी पोरं आत धडा ऐकताहेत आणि मी उन्हात उभा. मला वाटायचं, या पोराला शिकवून उपयोग नाही म्हणून तुम्ही बाहेर काढता. प्राध्यापक झालो तो थोडा त्या रागानंच. ती शिक्षाच होती ना?”

बाईंनी भुईवरची मूठभर ज्वारी त्यांच्या सुपात लोटली.

“डॉक्टर कुठल्या दिवशी बसतो, ते विचार त्या यंत्राला,” एवढंच म्हणाल्या. “आणि गाडी कर. बसमध्ये माझी कंबर धरते.”

डॉक्टर तरुण होती. तिनं विनायकरावांना थोडं विचारलं, बाईंना पुष्कळ विचारलं. दोन-तीन खेपांनंतर तिनं सांगितलं की आहे, चौथीतही होतं. विनायकराव घरी आले, सुमतीच्या फोटोपुढे खुर्ची ओढून बसले आणि तिला सगळं सविस्तर सांगितलं. तेवढ्यात दूध उतू गेलं.

बाई पुढच्या थंडीत गेल्या. घंटेचं उत्तर राहूनच गेलं.

काही वर्षांनी नागपुरात एका लग्नात कमल खोडस्कर भेटली. त्याच वर्गातली, हेडमास्तरांची मुलगी. पंगतीत शेजारी बसली होती. विनायकरावांनी घंटेचा विषय काढला.

“शिक्षा?” कमल म्हणाली. “अरे, घंटेला शिपाई होता. बाईंनी घरी येऊन बाबांकडून ती घंटा तुझ्यासाठी मागून घेतली. मी तिथेच होते. बाबा म्हणाले, बाई, हे पोरगं एकदा वर्गाबाहेर गेलं की पुन्हा यायचं नाही.”

“मग?”

“बाई म्हणाल्या, ‘ज्याला जाऊ देतात, तो येतो.’”