विश्वंभरचा पक्का पासवर्ड

“मग चूक झाली कुठं, बुवा? पासवर्ड तर पक्का होता.”

विश्वंभर सकाळपासून हेच विचारत होता. नागनाथबुवा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

पूर्णेकाठच्या त्या लहानशा मठात ज्यांना येणं जमत नसे, अशी माणसं आपलं दुःख फोनवर बोलून पाठवायची. लिहिता न येणाऱ्या बायांना तर तेवढाच आधार. बुवा एकेकीचं नीट ऐकायचे आणि सावकाश उत्तर द्यायचे. ही सगळी बोलणी मठाच्या खात्यात साठवायची आणि त्या खात्याला कुलूप लावायचं, हे काम विश्वंभरचं. पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून आलेला शिष्य तो. या कामात त्याचा हात धरणारं मठात कुणी नव्हतं, आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्या खात्यात कुणीतरी शिरलं. प्रयागबाईचं बोलणं गावातल्या फोनाफोनांवर फिरलं.

ती काय बोलली होती? अंथरुणाला खिळलेल्या सासूचं तिनं वर्षानुवर्षं केलं होतं. म्हातारी गेली तेव्हा ती चारचौघांत रडली, पण आतून तिला सुटल्यासारखं झालं. एवढंच. शेवटी तिनं विचारलं होतं, “ह्ये पाप हाय का वो, बुवा?”

बुवांनी तिला काय उत्तर दिलं, ते मात्र कुणी पसरवलं नाही.

आता ते बोलणं तिच्या नवऱ्यानंही ऐकलं होतं. तो तिच्या हातचं जेवत नव्हता. ती रोज ताट वाढायची आणि तो रोज ते बाजूला सारायचा. बाई खरं बोलली आणि विश्वासानं बोलली, त्याचं हे फळ. लिहितानाही जीव तुटतो.

“पक्का होता, हे तुला सांगितलं कुणी?” बुवांनी विचारलं.

“तपासून घेतला होता ना. नेटवर तशा साइट असतात. पासवर्ड टाकला की कच्चा का पक्का ते सांगतात. माझ्या पासवर्डला हिरवी पट्टी आली. हा फोडायला शतकं लागतील, असं लिहून आलं.”

“साइट कुणाची?”

“...माहीत नाही. एका ग्रुपवर लिंक आली होती.”

“आणि टाकलास कोणता? त्याच्यासारखा दुसरा एखादा?”

“नाही... खराच.”

शेंगा फोडणारे हात थांबले.

“सगळ्याच काही चोर नसतात, बुवा,” विश्वंभर घाईनं म्हणाला. “काही साइट टाकलेली अक्षरं आपल्याच फोनमध्ये तपासतात, बाहेर जाऊ देत नाहीत. तिथूनच गेला कशावरून?”

“ही त्यातली होती का?”

“...ते नाही पाहिलं.”

“असो. फोडला तर नाहीच कुणी. शतकं कुठं झालीत अजून?”

विश्वंभरला हसावं का रडावं कळेना. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं आपल्याकडं म्हणतात. पण काही माणसांना आरसा लागतोच. काकण दिसावं म्हणून नाही, आरशानं वा म्हणावं म्हणून. विश्वंभर त्यातला.

“दीक्षेच्या वेळी तुझ्या कानात मंत्र सांगितला होता,” बुवा म्हणाले. “तो कुणाकुणाला सांगितलास?”

विश्वंभर चपापला. “कुणालाच नाही. आईनं विचारलं होतं. तिलासुद्धा नाही.”

“का? चार जाणत्यांना दाखवून घ्यायचास. चांगला आहे का वाईट, कळलं असतं.”

“तो तुम्ही दिलेला होता.”

“आणि पासवर्ड?”

“...तो मी केला होता.”

विश्वंभरनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. पासवर्ड त्यानं कधीच बदलला होता, जुनी सगळी कुलपंही बदलली होती. बैल गेला नि झोपा केला, असं मठातली माणसं त्याच्या पाठीमागं बोलायची. तेही त्याला ठाऊक होतं.

“ऐकून झालं की ती बोलणी पुसून टाकायला हवी होती,” बुवा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “साठवायची कशाला? पण ते मलाही सुचलं नाही. पुन्हा ऐकावंसं वाटेल, असं वाटायचं.”

ते ऐकून विश्वंभरला जास्तच वाईट वाटलं. बुवांनी रागावायला हवं होतं. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

“मी प्रयागबाईकडं जातो,” तो म्हणाला. “त्यांच्या पाया पडतो. नवऱ्याच्याही पडतो.”

“जा.”

तो उठला. चपला घातल्या. अंगणात दोन पावलं टाकली आणि परत फिरला.

“बुवा, काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलंय. एकदा तुम्हाला म्हणून दाखवू का? कुठं उणं-अधिक नको व्हायला. मी म्हणणार, प्रयागताई, तुमच्या विश्वासाला...”

बुवांनी दोन्ही तळव्यांनी आपले कान झाकून घेतले.

विश्वंभरचं वाक्य तिथंच राहिलं. त्यानं बुवांच्या तोंडाकडं पाहिलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत त्यानं ते तसे कधी पाहिले नव्हते. ते आपल्यासाठी भरले की त्या बाईसाठी, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही.

“...निघतो,” तो कसाबसा म्हणाला.

बुवांनी हात खाली घेतले.

फाटकाशी पोचल्यावर सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, “आल्यावर सांगतो, बुवा, काय म्हणाल्या ते.”

“नको,” बुवा म्हणाले. “तिनं माफ केलं का नाही, ते मला सांगू नकोस.”