किटलीची खिंड

करवंदी घाट चढून वर आलात की उजव्या हाताला तीन दगडांची काळी पडलेली चूल दिसते. या जागेला किटलीची खिंड म्हणतात. नाव ऐकून पाहुणे हसतात, तेव्हा वाडीतले बाळोबाआप्पा त्यांना चुलीपाशी बसवून घेतात आणि सांगू लागतात.

घाट फोडायचं काम चाललं होतं तेव्हाची ही गोष्ट, म्हणे. दगड फोडणाऱ्यांना पाणी पाजायचं काम गोजराकडे होतं. खालच्या डोहातून ती दिवसभर हेलपाटे घाली. एका उन्हाळ्यात मजुरांच्या तळावर पटकी, म्हणजे कॉलरा, आली. चार दिवसांत नऊ माणसं गेली आणि पाचव्या दिवशी गोजराचा नवरा, म्हादू, आडवा झाला. तिच्या मनात एकच गोष्ट सलत होती. काम बघणाऱ्या इंग्रज साहेबाच्या तंबूत पाणी तिच्याच घागरीतलं जात होतं, मग तिथं कुणीच कसं पडलं नाही?

ती थेट साहेबाच्या मडमेपुढे जाऊन उभी राहिली. "बाई, पाण्यात काय घालता?"

मडमेला भाषा कळेना, पण घागर आणि रडवेला चेहरा कळला. तिनं वाफाळत्या भांड्याकडे बोट दाखवलं. "केटल." इंग्रजीत तो शब्द पाणी उकळायच्या साध्या भांड्याचा. गोजराला वाटलं, औषधाचंच नाव. मडमेनं ते भांडंच तिच्या हातात ठेवलं.

खिंडीत तीन दगड मांडून गोजरानं शपथ घेतली, तळावरचा शेवटचा आजारी उठेपर्यंत ही चूल विझू द्यायची नाही. पाणी उकळायचं, निववायचं, चिमूटभर मीठ टाकायचं आणि म्हणायचं, "किटली घ्या."

मुकादम राणोजी मात्र ओरडला, "साहेबाच्या भांड्यातलं पाणी? बाटवतेस का आम्हाला?" त्याच्या धाकानं निम्मा तळ मागे सरला. गोजरानं जाळ वाढवला.

तिसऱ्या दिवशी म्हादू उठून बसला. त्याच संध्याकाळी राणोजी आला, आईला पाठीवर घेऊन. म्हातारीला त्यानं चुलीपाशी टेकवलं आणि स्वतःच ओंजळ पुढे केली.

"आधी मला घाल, गोजराबाई. म्हणजे ती घेईल."

गोजरानं धार धरली. पिऊन झाल्यावर तो तिथंच बसून चुलीसाठी लाकडं मोडू लागला. अकराव्या दिवशी म्हातारी आपल्या पायांनी घाट उतरली, मगच चूल विझली, असं सांगतात.

आजही वाडीत कुणी आजारी पडलं की शेजारीण न बोलावता दारात येते. आतून विचारतात, "काय आणलंस गं?"

हातात पेजेचं पातेलं असो की दुधाचा तांब्या, ती म्हणते, "किटली."