फडताळातलं रंगीत घर

फार फार पूर्वीची नव्हे, खेळणी घरच्या घरीच बनत असत तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक सुतार राहत होता. हाताचा कसबी, पण मनाचा भारी हळवा. त्याला एकच लेक. उरल्यासुरल्या लाकडाच्या त्यानं तिच्यासाठी इवल्या इवल्या विटा केल्या आणि लाल, पिवळ्या, निळ्या रंगवल्या.

लेक रोज त्या विटांचं घर बांधायची आणि संध्याकाळी मोडायची. कधी ते चिमणीचं असायचं, कधी राजाचं. किती सुखाचे दिवस होते ते! मग लेक मोठी झाली. एकदा बांधलेलं घर मोडायचं राहून गेलं. ते शेवटचं आहे हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

लग्न होऊन लेक दूरच्या शहरात गेली. सुतारानं ते घर खालच्या फळीसकट अलगद उचललं आणि फडताळात ठेवलं. दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा करताना तो त्या घरालाही हळद-कुंकू वाहायचा. शेजारी हसायचे. "अहो, खेळण्याचा देव केलात की!" हसेनात का, त्याला त्याचं काही नव्हतं.

एका वर्षी लेक नवरात्रात माहेरी आली. बरोबर छोटी नात. आजोबानं वर्षभर तिची वाट पाहिली होती. नातीला मात्र आल्या आल्या दिसलं ते घर. तिनं हात पुढे केला, तोच आजोबा ओरडला, "हात नाही लावायचा! तुझ्या आईच्या हातचं आहे ते!"

नात हिरमुसली. कोपऱ्यात बसली ती बसलीच. "आई, आपल्या घरी कधी जायचं?" एवढंच विचारत राहिली. नात घरात आली होती, पण जवळ काही येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पाटावर करवत, रंधा, पटाशी मांडली होती आणि शेजारी ते घर. नात लांबूनच बघत होती.

"आजोबा, करवत आता पाटावरच राहणार?"

"छे गं! आज तिला विश्रांती. उद्या दसऱ्याला कामाला लागायचं. नुसती पुजून ठेवली तर गंजून जाईल."

"मग विटांचा दसरा कधी?"

सुतारानं घराकडे नीट पाहिलं. कुंकवाच्या पुटांखाली निळं दार दिसेनासं झालं होतं.

दसऱ्याच्या सकाळी त्यानं नातीला हाक मारली. छपराची पहिली वीट काढताना त्याचे डोळे भरून आले. पण काढली. "घे," तो म्हणाला, "बांध."

विटांचा खडखडाट ऐकून लेक स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी बाहेर आली. मोडलेलं घर पाहून क्षणभर थबकली. मग पदर खोचून जमिनीवर बसली.

"अगं, दार आधी नसतं लावायचं! खाली लाल विटा हव्यात. सरक तिकडे."

"मी लावणार! माझं घर आहे."

मायलेकींची चांगलीच जुंपली. सुतार बघत राहिला. घर जपता जपता जी खेळणारी लेक त्याला हरवल्यासारखी वाटत होती, ती समोर बसून विटेसाठी भांडत होती.

"बाबा, बघत काय उभे?" लेक म्हणाली. "बसा ना इथे. छप्पर तुम्ही घाला."

तात्पर्य: जीव लावलेली वस्तू नुसती पुजून ठेवली की तिच्यावर पुटं चढतात, पुढच्या पोरांच्या हाती दिली की तिच्यातली माया पुन्हा जागी होते.